सात नंबर

आधी ते हातमोजे काढा. इथं कुणी असं धरत नाही.
एक ते एकवीस यादी घेऊन आलात,
आणि सातपाशी रिकामा चौकोन.
बसा. कॉफी सकाळची आहे, पण गरम आहे.

कोत्का तेव्हा कागदाच्या गिरणीचं गाव.
वारा बंदराकडून आला तर मासे,
गिरणीकडून आला तर उकडलेल्या कोबीसारखा लगदा.
कपडे कधी वाळत घालायचे ते नाक सांगायचं.
राऊनो तिसऱ्या पाळीला, मी हिशेबाच्या खोलीत.
कापताना वाकडा गेलेला पुठ्ठा फाटकामागं पडायचा,
बर्फात भिजायचा. तो आम्ही सायकलवरून आणला,
शेगडीमागं वाळवला, आणि कंपनीला नाव द्यायची वेळ आली
तेव्हा डोळ्यांसमोर होतं तेच दिलं: ओला पुठ्ठा.
आमच्याकडे म्हणतात मॅर्का पाह्वी.
तुमच्या यादीत एक अक्षर चुकलंय.

पहिली तबकडी किर्स्तीच्या बँडची.
माशांच्या गोदामात ती ड्रम बडवायची,
थंडीनं कातडं असं ताणलेलं
की एकेक ठोका म्हणजे रागानं आपटलेलं दार.
हेलसिंकीच्या रेडिओवाल्यानं ऐकलं, म्हणाला,
गाणाऱ्याला सर्दी झालीय का?
झाली होती. तशीच ठेवली.

तीनशेच्या खाली कारखाना छापत नसे.
पहिले तीनशे म्हणजे राऊनोची मोपेड.
दुसरे तीनशे, माझ्या आईचं शिलाई मशीन,
तिला न विचारता. ते अजून माझ्या अंगावर आहे.
रात्री अकरा ते दोन, स्वयंपाकघराचं टेबल,
बटाट्याची खळ,
घडी, खळ, दाब. घडी, खळ, दाब.
वजनाला वर काकड्यांच्या बरण्या.
पाच नंबरच्या पाठीवर एक गोल डाग आहे ना?
त्यावर तुमच्या जाड पुस्तकात अर्धं पान आहे म्हणे,
चंद्र, एकटेपण वगैरे.
बरणीचं बूड आहे ते.

आता सात.
घरात खोकी मावेनात.
बेटावर राऊनोच्या वडिलांची सौना हिवाळाभर बंद,
तिथं बाकाखाली दोनशे ऐंशी ठेवल्या.
मे महिन्यात कळवायचं राहून गेलं.
जूनमध्ये, सूर्य नुसता टेकतो आणि पुन्हा उठतो त्या रात्री,
म्हाताऱ्या एइनोनं सवयीनं सौना पेटवली,
दगडांवर पाणी ओतलं,
आणि बायकोला हाक मारून म्हणाला,
आज वास निराळा येतोय.

राऊनो पोचला तेव्हा बाप पायरीवर, कमरेला टॉवेल,
मांडीवर एक तबकडी, कडा वर वळलेल्या.
तुझी का रे ही?
बस, एवढंच.
पुढच्या आठवड्यात त्यानं नावेचं इंजिन विकलं
आणि पाकीट माझ्या वहीत ठेवलं. त्या उन्हाळ्यात
म्हातारा बेटावर वल्ही मारत गेला.
राऊनोनं त्या पैशात सात पुन्हा छापला नाही,
आठ छापला. का, ते मी विचारलं नाही.
सातचा गाणारा, तोइव्हो लेहमुस्को, तोवर स्वीडनला गेलेला,
मोटारींना दारं बसवायला.
पोरगा बरा गायचा. फार बरा नाही. बरा.

उरलेल्या वीस? वाटल्या. एक बेकरीवालीला,
एक दंतवैद्याला, फीऐवजी.
बाकीच्या मला आठवत नाहीत, आणि वहीचं ते पान
खळीनं पुढच्या पानाला चिकटलंय.
शेवटच्या पानावर कारखान्याचे एक्केचाळीस मार्क बाकी.
कारखाना आमच्या आधी बुडाला,
आता तर मार्कही राहिला नाही, फेडू कुणाला?
राऊनो फेरीबोट चालवतो. डाव्या कानानं ऐकू येत नाही,
म्हणून तुम्ही उजवीकडे बसा.

हो, ती खिडकीतली काळी कुंडी.
कडा फुलासारख्या वळलेल्या, आत अजून
थोड्या रेघा दिसतात, ऊन तिरपं आलं की.
पाणी जास्त झालं तर मधल्या भोकातून
बरोबर निघून जातं.

नाही, ती विकायची नाही.
कांद्याची पात आत्ता कुठं धरलीय.